अप्पांना इथलाच फोन हवा

कुठलीही गोष्ट अर्धी कळली की मला चैन पडत नाही. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी नेहमीपेक्षा एक जास्त झाली, तरी आज तिथे काय शिजतंय याचा मी विचार करत बसते. माझा भाऊ सुजय याला चोंबडेपणा म्हणतो. म्हणेना का. तो कित्येक वर्षांपासून अमेरिकेत आहे, त्याच्यापर्यंत कुणाच्या शिट्ट्या पोचत नाहीत.

तर गोष्ट फोनची आहे. आमचे अप्पा आणि आई इंदूरला सुदामा नगरच्या घरात राहतात, मी शहराच्या दुसऱ्या टोकाला विजय नगरला. अप्पांच्या फोनची बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं होतं आणि त्यांनी त्याला भाजीच्या जुडीला बांधतात तसं रबरबँड लावलं होतं. सुजय दिवाळीला यायचा होता. त्याने जाहीर केलं की मी अप्पांसाठी फ्लॅगशिप आणतो, म्हणजे कंपनीचा सगळ्यात वरचा फोन. तोही अनलॉक्ड, तिकडच्या कुठल्याही मोबाइल कंपनीला न बांधलेला. इथलं सिम टाकलं की काम झालं, आणि तिकडे पडतोही स्वस्त.

अप्पा नको म्हणाले. फोन नको असं नाही. तोच फोन हवा, हवं तर त्याच रंगाचा, पण इथल्या दुकानातून घेतलेला.

आता अप्पा म्हणजे ताटात अळणी भाजी आली तरी न बोलता जेवून उठणारा माणूस. तरुणपणी ते कापडाच्या मिलमध्ये होते, मागांच्या खात्यात. मिल बंद पडल्यावर विम्याचं काम केलं. आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी कशाचा हट्ट धरलेला मला आठवत नाही. आणि आता सुजयने तीनदा समजावलं तरी त्यांचं एकच उत्तर, "तो अमेरिकावाला नको रे. इंडियावालाच पाहिजे." कारण विचारलं की म्हणत, बस, असंच.

'असंच' हा शब्द माझ्यासमोर कुणी वापरू नये. मी कामाला लागले.

पण आधी अप्पांचा लौकिक सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींत कुणाचं काही अडलं की लोक अप्पांना फोन लावतात. मुलीला स्थळ आलंय, मुलाला भंवरकुआंला कोचिंग क्लास लावायचाय, जावयाशी बिनसलंय, काहीही. अप्पा सगळं ऐकून घेतात, मध्ये बोलत नाहीत, आणि शेवटी म्हणतात, "हो, हो. बरं. सांगतो." फोन ठेवतात. थोड्या वेळाने त्यांचा फोन उलटून येतो आणि त्यात तुमच्या एकेका मुद्द्याचं उत्तर असतं. तुम्ही बोलता बोलता सहज टाकलेला शब्दही त्यांच्या ध्यानात असतो. त्यांतल्याच मधुवंतीकाकू तर म्हणतात, गोपीनाथजींसारखा विचार करून बोलणारा माणूस अख्ख्या इंदूरमध्ये नाही. आम्हालाही त्याचा अभिमान होता. दोन मिनिटांत निकाल देणाऱ्या जगात आमचे अप्पा थांबून विचार करतात, हे आम्ही लोकांना कौतुकाने सांगायचो.

आईची तऱ्हा याच्या अगदी उलट. कुणी काही बोललं की ती तेच पुन्हा बोलते, अप्पांकडे तोंड करून, ठणठणीत आवाजात. मी म्हटलं, आज फार ऊन आहे, की ही म्हणणार, "सुरभी म्हणतेय, आज फार ऊन आहे." आम्ही भावंडं तिला रिपीट टेलिकास्ट म्हणून चिडवायचो. ती हसायची आणि तेच चालू ठेवायची.

मी ऑफिसात दुपारच्या सुट्टीत दोन्ही फोनांची माहिती शेजारी शेजारी उघडली आणि खरं सांगते, हरखून गेले. मॉडेलचा नंबर तोच, फक्त शेवटचं एक अक्षर वेगळं. दिसायला जुळे भाऊ. पण ज्या देशात जायचं तिथले कायदे आणि सवयी घेऊन फोन निघतो. एका देशातल्या फोनला फोटो काढताना होणारा आवाज बंदच करता येत नाही, कुणी चोरून फोटो काढू नये म्हणून. दुसरीकडच्या फोनला सिम घालायला खाचच नाही. कुठे एक सिम, कुठे दोन. मला वाटायचं, फोन म्हणजे फोन. त्यालाही माहेर-सासर असतं हे मला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी हे सगळं मी माझ्या नवऱ्याला, समीरला, उत्साहाने सांगितलं. तो स्वतःच्या फोनमध्ये डोकं घालून "हं" म्हणाला. मी सांगायची थांबले तेही त्याला कळलं नाही.

रविवारी सुदामा नगरला गेले. पोह्यांच्या बश्या पुढ्यात आल्यावर मी एकेक फरक काढून अप्पांसमोर ठेवायला लागले आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. अमेरिकेच्या फोनची वॉरंटी इथे चालत नाही. अप्पांनी पोह्यांवर शेव घातली. त्यात हाताने घालायचं खरं सिम एकच बसतं. त्यांनी जिरावण मसाला भुरभुरवला. तिकडची काही नेटवर्कं वेगळी असतात. ते लिंबू पिळत होते. प्रत्येक वाक्यानंतर आईचं रिपीट टेलिकास्ट चालूच होतं.

मग मी म्हटलं, "आणि त्यात कॉल रेकॉर्डिंग नसतं. इथल्या फोनमध्ये आपोआप होतं, तिकडच्यात ते बटणच नाही."

या वेळी आई काही बोलली नाही. तिने अप्पांकडे पाहिलं, अप्पांनी तिच्याकडे. मग अप्पा उठले आणि तुळशीला पाणी घालायला गेले. पोहे तसेच राहिले होते आणि तुळशीला सकाळीच पाणी घातलेलं मी स्वतः पाहिलं होतं.

परतताना माझं डोकं भणभणत होतं. अप्पांना कुणाचं बोलणं रेकॉर्ड करायचं आहे? आणि आईला हे माहीत आहे? सध्या म्हाताऱ्या माणसांना फोन करून पोलीस असल्याचं सांगतात, धमकावतात, घाबरवून घरात कोंडून ठेवतात. असं काही तर नाही? अप्पा कुणाला सांगणार नाहीत, एकटेच पुरावे गोळा करत बसतील, असा माझा ठाम समज झाला. आता कुतूहल बाजूला राहिलं आणि मला खरीच भीती वाटू लागली.

बुधवारी अर्धी रजा टाकून मी न कळवता निघाले. गल्लीच्या कोपऱ्यावर भाजीची गाडी उभी होती. तिथे स्कूटर थांबवली आणि अप्पांना फोन लावला, म्हटलं आवाजावरून तरी अंदाज येईल. "अप्पा, मी येतेय. गाडीवर कोथिंबीर छान आहे, आणू का? अजून काही हवंय?" अप्पा म्हणाले, "हो, हो. बरं. सांगतो." फोन बंद.

कोथिंबिरीवर विचार करायला वेळ हवा? मी स्कूटर तिथेच ठेवून चालत घराशी आले. दुपारी दार उघडंच असतं. चपला काढायला वाकले आणि आतून माझा आवाज आला.

"अप्पा, मी येतेय. गाडीवर कोथिंबीर छान आहे, आणू का?"

मी दारात होते आणि मीच आत बोलत होते, घरभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. आवाज थांबला, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. पडद्याच्या फटीतून पाहिलं. अप्पा टेबलाशी बसले होते, रबरबँडवाला फोन कानाला घट्ट लावून, डोळे मिटून. आई त्यांच्या समोर उभी. अप्पांनी डोळे उघडून तिला विचारलं, "कोशिंबीर म्हणाली का?" आई त्यांच्याकडे तोंड करून एकेक अक्षर सुटं करत म्हणाली, "को-थिं-बी-र." अप्पांनी मान हलवली आणि तिसऱ्यांदा लावलं, बाकीचं ऐकायला.

मी चपला घालून परत कोपऱ्यावर गेले. गाडीवाल्याने विचारलं, "क्या हुआ दीदी, तबीयत ठीक है?" मी रडत होते, आणि तेव्हाच फोन वाजला. अप्पा शांतपणे म्हणाले, "कोथिंबीर आण. लिंबंही आण चार. आणि सावकाश ये, ऊन आहे." मी जरा वेळाने घरी गेले, चहा प्यायले, ऊन फार आहे म्हटलं. आईने ते पुन्हा म्हटलं. मी तिला चिडवलं नाही.

त्या रात्री एकेक दुवा आपोआप जुळत गेला. मागांच्या खडखडाटात घालवलेली वर्षं. सुजयने व्हॉट्सॲपवर कॉल केला की "सीधा फोन कर, यावर बरोबर येत नाही" हे त्यांचं नेहमीचं वाक्य, कारण व्हॉट्सॲपचा कॉल रेकॉर्ड होत नाही. 'इंडियावालाच' हा हट्ट, म्हणजे तिकडच्यात रेकॉर्डिंग नसतं हे त्यांनी आधीच कुठेतरी विचारून ठेवलं असणार. लग्नकार्यात आईचं त्यांच्या बाजूला चिकटून बसणं. आणि तो सगळा विचारीपणा. अप्पा विचार करायला थांबतच नव्हते. ते ऐकायला थांबत होते.

आणि त्यावर आम्ही त्यांना सगळ्यात भारी फोन देणार होतो, ज्यात नेमकं तेवढंच नव्हतं. जुना फोन आज ना उद्या बंद पडणार. मग मधुवंतीकाकूंचा फोन येईल, अप्पा हो हो म्हणतील, आणि उलटून उत्तर जाणार नाही, किंवा भलतंच जाईल. लोक हळूहळू फोन करणं सोडतील. केला तरी आईला करतील. समोर आल्यावर ओरडून बोलतील, मग हळहळतील. अप्पांना बहिरेपणाची भीती नव्हती, तो तर कधीचा आला होता. कुणी काही विचारायलाच येणार नाही, याची त्यांना भीती होती.

सुजयला खरं सांगावं असं फार मनात आलं. पण अप्पांनी इतकं जपलेलं मी कोण उघडं करणारी? शिवाय सुजयच्या पोटात काही राहत नाही. मी त्याला सांगितलं की तू आणतोयस तो फोन मी घेते, अप्पांसाठी मी इथे तोच घेते, उद्या बिघडला तर वॉरंटी नको का? तो चिडला. बापाला एक वस्तू द्यावी म्हटलं तर त्यातही तुझी ढवळाढवळ, असं बरंच ऐकवलं. मी ऐकून घेतलं, जे मला सहसा जमत नाही. शेवटी तह झाला. मी जेल रोडवरच्या दुकानातून फोन घेतला. दुकानदार, ज्याला सगळे नीरज भिया म्हणजे भैया म्हणतात, कॅमेऱ्याचं कौतुक सांगत होता आणि मी त्याला एकच गोष्ट चालवून दाखवायला लावली. त्याने स्वतःच्याच भावाला फोन लावून रेकॉर्ड करून दाखवलं. दिवाळीत सुजयने तो आपल्या हाताने अप्पांना दिला. अप्पांनी डबा उलटा करून मॉडेलचा नंबर पाहिला, शेवटचं अक्षर पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी फराळाच्या ताटात चकली शोधत होते.

सुजय परत गेला. मी अमेरिकावाला फोन वापरू लागले. छान आहे, कॅमेरा तर फारच. फक्त त्याला माझं बोलणं जपून ठेवता येत नाही.

मग एका संध्याकाळी मी गॅलरीत बसून अप्पांना फोन लावला. मधुवंतीकाकूंच्या नातीचं काय झालं ते विचारलं, इकडचं तिकडचं बोलले. मग मी नेहमीपेक्षा सावकाश, शब्द सुटे करत म्हणाले:

"अप्पा, हे तुम्ही नंतर ऐकाल, म्हणून आत्ता सांगते. मला माहीत आहे. त्या दिवशी मी दारात उभी होते. मी कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. शनिवारी कान दाखवायला जाऊ. आता अगदी छोटी यंत्रं मिळतात, दिसत पण नाहीत. नको असेल तर नको, मी पुन्हा विषय काढणार नाही. आणि अजून एक. माझं बोलणं कुणी एकदाही धड ऐकत नाही, अप्पा. तुम्ही माझ्या कोथिंबिरीसाठीही तीनदा ऐकता. मला ते फार आवडलं."

अप्पा म्हणाले, "हो, हो. बरं. सांगतो."

मी फोन मांडीवर ठेवून बसले. नेहमीचा वेळ झाला. त्याच्यावरही बराच वेळ गेला. समोरच्या बिल्डिंगमध्ये कुकरच्या शिट्ट्या झाल्या, त्या किती ते मोजायचं मला सुचलं नाही. उगाच बोलले, त्यांच्या हातातलं एवढं एक होतं तेही काढून घेतलं, असं वाटत राहिलं.

तेवढ्यात फोन वाजला.

"ऐकलं गं," अप्पा म्हणाले. आवाज जरा ओला होता. "शनिवारी जाऊ. तुझ्या आईसाठी जाऊ. इतकी वर्षं बोलून बोलून थकली असेल बिचारी."

मी काही बोलले असते तरी त्यांना ते नंतरच कळलं असतं. त्यांच्या मागून आई, नुकतीच बाहेरून आली असावी, विचारत होती, काय म्हणतेय सुरभी, काय झालं. अप्पांनी फोन बंद केला नव्हता. मी कान देऊन ऐकत राहिले. अप्पा आईला सांगत होते, मी काय काय म्हणाले ते, ठणठणीत आवाजात, शब्दन् शब्द.