पडद्यावरून कळलेली गोष्ट

तो हॉस्पिटलांमधली एक्स-रे मशीन दुरुस्त करायचा. महिन्यातले बावीस-तेवीस दिवस फिरती. लॉजच्या खोल्या, गळके नळ, शेजारच्या खाटेवर घोरणारी परकी माणसं, असं सगळं तो फावल्या वेळात वहीत खरडायचा. त्याचं पुढे पुस्तक झालं आणि बरं चाललं. फिरतीवरच्या माणसाचं एकटेपण इतकं नेमकं कुणी लिहिलं नाही, असं वाचणारे म्हणायचे. त्यालाही ते पटलं होतं.

एका तरुण दिग्दर्शिकेला त्यावर सिनेमा करायचा होता. ती घरी आली तेव्हा तो नेमका बाहेरगावी.

"तूच बोल तिच्याशी," तो बायकोला फोनवर म्हणाला. "मी नसताना घरात काय चालतं, एवढंच तिला हवंय. बाकी सगळं पुस्तकात आहेच."

एका दुपारसाठी आलेली दिग्दर्शिका आठ दिवस येत राहिली. पटकथा पाठवल्यावर तिने त्याला दोनदा फोन करून बजावलं, "काका, नीट वाचा. पुस्तकात नसलेलं पुष्कळ आलंय." त्याने गाडीत बसल्या बसल्या पहिली वीस पानं चाळली, लॉजचं वर्णन वाचून खूश झाला आणि होकार कळवून टाकला.

सिनेमाचा पहिला खेळ दुपारचा होता. अर्धा तास सगळं ओळखीचंच चाललं. त्याच्या एका विनोदावर लोक हसले, तेव्हा त्याने बायकोला हळूच कोपर मारलं. मग कॅमेरा घरात शिरला आणि तिथून हलेचना.

पडद्यावरच्या बाईला दिवस गेले होते. नवऱ्याला समोरासमोर सांगायचं म्हणून ती फोनवर काही बोलत नव्हती, आणि त्याचा मुक्काम लांबत चालला होता. एका सकाळी ओटा पुसताना तिच्या पोटात कळ आली. घराला कुलूप लावून ती एकटीच दवाखान्यात गेली. सोबत कोण आहे, असं तिथे विचारलं तेव्हा ती नुसती दाराकडे बघत राहिली. मूल राहिलं नाही. तीन दिवसांनी नवरा आला आणि बॅग टाकत म्हणाला, "अगं, अशी ओढल्यासारखी का दिसतेस? दुपारची जरा पडत जा ना."

ते वाक्य त्याचंच होतं. इतक्या वेळा म्हटलेलं, की त्यातली ती खेप कोणती, हे त्याला आठवेना. त्यांना मूल झालं नव्हतं. नशिबात नाही म्हणून त्याने तो विषय केव्हाच मिटवला होता.

दिवे लागले. एका बाईने डोळे पुसत त्याचे हात धरले. "किती प्रामाणिकपणे लिहिलंत," ती म्हणाली. त्याने आभार मानले.

बाहेर पायऱ्यांवर त्याने बायकोला विचारलं, "हे खरं आहे?"

"हो. लग्नाला सहा वर्षं झाली होती तेव्हा."

"म्हणजे सतरा वर्षं मला सांगितलं नाहीस. आणि त्या परक्या पोरीला सांगितलंस?"

"तिने विचारलं," ती म्हणाली. "आणि मी थांबेपर्यंत तिने घड्याळाकडे पाहिलं नाही. मला वाटलं, तुम्ही निदान कागद तरी वाचाल. वाचून फोन कराल. महिनाभर वाट बघितली मी."

पुढच्या आठवड्यात साहेबांच्या मागे लागून त्याने फिरती सोडली आणि ऑफिसातलं टेबल घेतलं. आता तो सहाच्या ठोक्याला घरी असतो. पहिले काही दिवस त्याने खुर्ची ओढून तिच्यापुढे बसून पाहिलं. "त्या तीन दिवसांत तू काय केलंस? जेवलीस का? कोण होतं जवळ?"

"माझं सांगून झालंय हो," ती म्हणायची आणि भाजी निवडत राहायची. आवाजात राग नसायचा. राग असता तर त्याला काहीतरी बोलता आलं असतं.

आणखी काही कळेल म्हणून तो ऑफिसातून परस्पर जाऊन सिनेमा एकट्याने दोनदा पाहून आला. चौथ्या आठवड्यात सिनेमा उतरला.