रघुवीरची विलायती आणि आबांचे बैल

रघुवीरची ती दांडगी विलायती गाडी तीन लाख किलोमीटर फिरून मगच महाडात आली होती, आणि आल्यापासून ती फिरायची कमी, बसायची जास्त. बसायची म्हणजे खरोखरच बसायची. या जातीच्या गाड्यांना चाकांवर हवेच्या पिशव्या असतात; डोंगरात गाडी वर उचलायची ती सोय. रघुवीरच्या गाडीच्या पिशव्या म्हाताऱ्या झालेल्या. रात्री ऐटीत उभी केलेली गाडी सकाळी जमिनीला पोट टेकून असायची, आणि मग साहेब औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात मोटारसायकलवरून जायचे. रविवार आला की अंगणात सतरंजी टाकून स्वारी गाडीखाली. मोबाईलवर कुणी गोरा मिस्त्री दाखवील तसं खोलायचं, परत जोडायचं, आणि शेवटी एखादा नट हातात उरलाच तर "कंपनी जादाच देते," म्हणून खिशात टाकायचा.

"दुसरी बायको केली असतीत तरी चाललं असतं," अनुपमा म्हणायची. ती शाळेत शिकवायची, त्यामुळे आवाज खणखणीत. "ती निदान सकाळी आपल्या पायांनी उठली असती."

रघुवीर सगळं ऐकून घ्यायचा. त्याला फक्त एकदा, एकदाच, त्या गाडीत आबांना बसवायचं होतं.

आबा म्हणजे रावजी, त्याचे वडील. पोलादपूरच्या पुढे डोंगरात गाव. तिथं ते, आई बयाबाई आणि दोन बैल. आबांच्या गुडघ्याचा पार भोपळा झालेला, आणि डॉक्टर महाडात. गेल्या वर्षी रघुवीर मोठ्या हौसेनं गाडी घेऊन गेला. सगळी वाडी बघायला जमली. आबांनी पायरीवर पाय ठेवला मात्र, गाडीनं फुस्स केलं आणि खाली बसली. वाडी हसून हसून लोळली. आबांनी पाय मागे घेतला.

"माझा भार सोसत नाय तिला. भाताचं पोतं हाय काय मी?"

झालं. त्या दिवसापासून आबा त्या गाडीत बसेनात. बरं, भाड्याची रिक्षा पाठवली तर तीही परत. "पोराची गाडी असताना भाड्याच्या गाडीतून गेलो तर लोक काय म्हणतील?" म्हणजे पोराच्या गाडीत बसायचं नाही, आणि पोराची गाडी आहे म्हणून दुसऱ्या कशातही बसायचं नाही. गुडघा बिचारा सुजत राहिला. हल्ली तर आबा गोठ्यापर्यंतसुद्धा भिंत धरत जायचे.

म्हणून त्यानं थंडीत नव्या पिशव्या मागवल्या, स्वतः बसवल्या, आणि अनुपमाला घेऊन गाव गाठलं. गाडी घाट चढली, एकदाही कुरकुरली नाही. अंगणात ताठ उभी राहिली. आबा काठी टेकत बाहेर आले, गाडीभोवती फिरले, खाली वाकून बघितलं.

"आज उभी हाय खरी," ते म्हणाले.

एवढ्यानं रघुवीर हरखला. त्यानं बॉनेट उघडलं, आतल्या काळ्या डब्याचं झाकण काढलं आणि आईला, शेजाऱ्यांना सगळ्यांना दाखवलं. "हा गाडीचा मेंदू. सगळं इथून चालतं." आणि आबांची कपड्यांची पिशवी आणायला घरात गेला.

इकडे बयाबाई आरतीचं ताट घेऊन आली. तिचं म्हणणं सरळ होतं: घरची गाडी दारात कधी पुजलीच नाही, बसणार नाही तर काय करील? लोक गाडीला वरून कुंकू लावतात. पण मेंदू जर आत आहे, तर वरून लावून काय उपयोग? तिनं मेंदूला हळद-कुंकू वाहिलं, नारळ दगडावर वाढवला, आणि पाणी मोठ्या मायेनं त्या डब्यात ओतलं, शेवटच्या थेंबापर्यंत.

गाडीचे सगळे दिवे लुकलुकले. वायपर एकदा उजवीकडे गेला तो परत आलाच नाही. हॉर्न लांबलचक ओरडला आणि सगळं गप्प झालं.

"अंगात आलं काय गो हिच्या?" बयाबाईनं सुनेला विचारलं. अनुपमा गोठ्याकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते.

रघुवीर धावत आला, डब्यात बघितलं आणि गाडीच्या पायरीवर मटकन बसला. गाडीचं त्याला एवढं वाटलं नाही. आता आबा महाडला यायचे नाहीत, हे वाटलं. त्याला रडूच यायचं बाकी होतं.

गाडी उचलून नेणारा ट्रक महाडहून येणार होता, पण तो वरच्या डांबरी रस्त्यापर्यंतच. अंगणापासून तिथवर चढाचा कच्चा रस्ता. वाडीतल्या सगळ्या बाप्यांनी ढकलून बघितलं, गाडी हलेना.

"सरा," आबा म्हणाले. "बैल आणा."

बैल आले, दोर बांधला. पण ते बैल आबांच्या आवाजाशिवाय पाऊल उचलायचे नाहीत, आणि आबांना चालवत नव्हतं. मग बसायचं कुठं? गाडीच्या छताची काच दिवाळीपासून उघडीच अडकलेली, वर प्लास्टिकचा कागद. आबांनी काठीनं कागद उडवला. रघुवीरनं आणि अनुपमानं त्यांना धरून आत घेतलं, सीटवर पाट, पाटावर गोधडी, आणि आबा छातीपर्यंत छतातून बाहेर. हातात कासरा.

आबा गाडीत बसले होते. हे त्यांच्या ध्यानात आलं की नाही कोण जाणे. रघुवीरच्या आलं, पण तो श्वास रोखून स्टिअरिंग धरून बसला. बोललो आणि उतरले तर?

"हिर्रर, चला रे."

बैलांनी जोर लावला आणि ती विलायती गाडी डुलत डुलत चढाला लागली. मागे वाडी, सगळ्यात मागे ताट घेऊन बयाबाई.

वर ट्रक उभा होता. आबांनी वरूनच हाळी दिली, तेव्हा कुठं बैल शेजाऱ्याबरोबर परत गेले. ट्रकवाला हृतिक म्हणाला, "आजोबा, उतरा. माझ्या केबिनमध्ये बसा, एसी हाय."

"नको. मी पोराच्या गाडीतून चाललोय."

"माणसासकट गाडी चढवत नाय आम्ही."

"मग दोघांनाबी इथंच ऱ्हाऊ दे."

हृतिकनं अनुपमाकडे बघितलं. अनुपमा मुकाट्यानं केबिनमध्ये जाऊन बसली. गाडी ट्रकवर चढली, आत रघुवीर, छतातून आबा.

पोलादपूरच्या बाजारात ट्रक सावकाश झाला. चहाच्या टपरीवरून आबांचा जुना सोबती चांगू ओरडला, "रावजी, वर काय करतोस रे?"

रघुवीरनं मान खाली घातली. आता वर्षभर हेच ऐकावं लागणार.

"पोराची गाडी हाय," आबा वरून म्हणाले. "लय महागाची. चाकं झिजू नयेत म्हणून अशीच नेतात."

चांगूनं समजल्यासारखी मान हलवली. आबा आत वाकले आणि हळूच म्हणाले, "स्टेरिंग नीट धर रे रघू. लोक बघतायत."

रघुवीरनं बंद गाडीचं स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं, आणि महाड येईपर्यंत सोडलं नाही.