एक स्थानिक माहितगार

बाटली होमिओपॅथीच्या गोळ्यांची, करंगळीएवढी, पण आत गोळ्या नाहीत. देवधानाचे, म्हणजे तलावात आपोआप उगवणाऱ्या भाताचे, चार दाणे आहेत, काळपट, प्रत्येकाला केसासारखं लांब कुसळ... सेवकरामने ती खिडकीच्या उजेडात धरली. लेबलावर त्याच्या बायकोचं, करुणाचं, बारीक अक्षर: तलावाचं नाव, तारीख, आणि कोपऱ्यात 'चं.' म्हणजे हे दाणे तलावावर मासे धरणाऱ्या चंद्रभागाबाईने आणून दिलेले. अशा दोनशेवर बाटल्या कपाटात आहेत. करुणाला जाऊन सात महिने झाले. कापडाचं दुकान उघडायच्या आधी तो रोज एक बाटली काढून पाहतो आणि परत ठेवतो. याचा काही उपयोग नाही हे त्याला माहीत आहे.

आज मात्र बाटली हातात राहिली. आज पाच वाजेपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

करुणा साकोलीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. अकरा वर्षं ती एकाच कामामागे होती—तलावातला कोणता मासा, कोणत्या महिन्यात, पाण्यातल्या कोणत्या झाडोऱ्यात अंडी घालतो. चार वेळा तिने लेख बाहेरच्या नियतकालिकांकडे पाठवला आणि चार वेळा तो परत आला. एकांनी लिहिलं, विषय फार स्थानिक आहे. दुसऱ्यांनी लिहिलं, इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे अशा कोणाकडून तपासून घ्या. ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली होती, "त्यांचा तलाव म्हंजे विज्ञान अन् आपला तलाव म्हंजे स्थानिक. मजा आहे न?" आणि हसली होती. हसल्यावर लाटणं थोडा वेळ थांबलं होतं, ते त्याला आता आठवतं... तेव्हा त्याने पाहूनही पाहिलं नव्हतं.

मग हे पाचवं नियतकालिक. त्यांचा नियम नवा होता. लेख कोणाचा, कोणत्या गावचा, हे तपासणाऱ्यांना कळू द्यायचं नाही. नाव झाकलं की भेदभाव कमी होतो, असं त्यांचं म्हणणं. करुणाने ते दवाखान्यातल्या खाटेवर वाचलं आणि फोन त्याच्या हातात दिला. "आता तरी," एवढंच म्हणाली.

ती गेल्यावर नावं झाकायचं काम सेवकरामने केलं. लेखावर करुणाच्या नावाखाली चंद्रभागाबाईचं नाव होतं, आणि आत ते एकतीस ठिकाणी होतं—अमुक तिने पाहिलं, तमुक तिच्या पायाला लागलं. करुणाच्या जुन्या विद्यार्थ्याने, भूषणने, सांगितलं होतं, तिथे 'दुसरी लेखिका' असं टाका. सेवकरामने टाकलं, 'एक स्थानिक माहितगार'. संगणकाने एका क्षणात एकतीसही जागा बदलल्या. कापडाला कात्री लागावी तशी, सरळ. मग लेखकांची माहिती भरताना दुसऱ्या नावापुढे ईमेल हवा होता, संस्था हवी होती. चंद्रभागाबाईची संस्था कोणती? त्याने तो रकानाच काढून टाकला. नंतर भरू म्हणून.

लेख स्वीकारला गेला. पत्रात लिहिलं होतं, जिथून आमच्याकडे फार कमी येतं अशा भागातून हे आल्याचा विशेष आनंद आहे. नावं बरोबर असल्याचं कळवा; मुदत आजची, पाच वाजेपर्यंत. खाली एकच नाव होतं.

दुपारी दुकानात भूषणचा फोन आला.

"काकाजी, होकार पाठवला का?"

"पाठवतो."

"पाठवून टाका न मंग. चंद्रभागाबाईंचं नाव राहिलं, मले माहीत आहे. आभारात टाकू. आता लेखक वाढवला न, तर ते पुन्हा सगळं उघडतात. अन् मॅडमच्या मागं उत्तरं द्यायले कोण आहे, तुमी का मी?"

बरोबर होतं त्याचं. मी काय केलं? झाकायला सांगितलं होतं, मी झाकलं... सेवकरामने शटर ओढलं आणि स्कूटर काढली.

हायवेवरून तलावाकडे आत वळल्यावर ऊन रस्त्यावर पाण्यासारखं हलत होतं. मागच्या सीटवर करुणा आहे, पिशवी मांडीवर घेऊन, असं वाटत राहिलं, म्हणून त्याने खड्डे चुकवले. पूर्वी तो तिला असाच पहाटे सोडायचा आणि पाळीवर, तलावाच्या बांधावर, उभा राहायचा. त्या दोघी कमरेपर्यंत पाण्यात. चंद्रभागाबाई पायाने तळ चाचपायची आणि नाव सांगायची, करुणा लिहायची. बोलणं पाळीपर्यंत यायचं नाही. नुसता आवाज यायचा, आणि मध्येच दोघींचं हसणं.

चंद्रभागाबाई झाडाखाली जाळं सांधत बसली होती.

"या शेठ! आज दुकान कोनाच्या भरोशावर? का पानी मोजाले आले मीटरनं?"

तो शेजारी बसला. "करुणाचा लेख छापून येऊन राहिला, बाई."

तिचे हात थांबले. "आला? दाखवा बरं."

त्याने फोन पुढे केला. तिला वाचता येत नव्हतं. तिने ओल्या बोटाने त्या एका ओळीखालून हळू रेघ ओढली.

"येवढंसंच? मॅडमनं दाखवलं होतं तवा दोन होते. मावालं नाव लांब होतं, मॅडमच्यापरीस लांब. मी हासलो होतो."

"निघालं," तो म्हणाला. मग म्हणाला, "मी काढलं."

"काहून?"

रकान्याचं सांगता आलं असतं. ईमेलचं, नियमाचं. ते सगळं खरंच होतं. पण तो रकाना पुसताना आपल्याला बरं वाटलं होतं, हे त्याला आत्ता, तिच्या समोर, दिसलं. एकटं करुणाचं नाव पडद्यावर उरलं होतं आणि वाटलं होतं, आता ही माझी. पाण्यातली ती अकरा वर्षंही माझी. कोणी वाटेकरी नाही...

चंद्रभागाबाईने जाळं पुन्हा मांडीवर ओढलं.

"मॅडम असती तं तिनं काढलं नसतं," ती म्हणाली. रागाने नाही, हवा कशी आहे सांगावं तसं. मग गाठ ओढत म्हणाली, "पान्यात गाने म्हने मॅडम. घरी म्हने का?"

बत्तीस वर्षांत त्याने करुणाला कधी गाताना ऐकलं नव्हतं.

खिशात फोन वाजू लागला. भूषणच असणार, चार वाजून गेले होते. फोन वाजत होता, आणि सेवकराम त्या पाण्याकडे पाहत होता जिथे एक बाई होती, गात, जिला तो ओळखत नव्हता. या दुसऱ्या बाईला मात्र ती सगळी पाठ होती. मत्सर गेला नव्हता. तो तसाच होता, छातीत, पण आता त्याला काहीतरी मागायचं होतं, आणि मागायला जगात हे एकच माणूस उरलं होतं.

"कोनतं गानं?" त्याने विचारलं.