लोखंडी मुकादमाचा पाचवा भाग

वाचता येणं हे वरदान असतं असं म्हणणाऱ्यांनी वच्छलेला पाहिलेलं नाही. तिचा बाप होटगी स्टेशनवर गाड्यांचे रूळ बदलणारा सांधेवाला होता. तिथल्या मास्तरांच्या बायकोनं रिकामपणी या पोरीला अक्षरं शिकवली. त्या अक्षरांच्या जोरावर, नवरा गेल्यावर, ती सोलापूरच्या विडी कारखान्यात मानानं बसली. कारखाना म्हणजे पत्र्याखालची एक लांबडी खोली. तीस बायका मांडीवर सुपं घेऊन विड्या वळायच्या आणि वच्छला मधोमध बसून पुस्तक वाचायची. तिच्या वाटच्या विड्या बाकीच्या आपसांत वळून द्यायच्या. तंबाखूच्या खकाण्यानं तिचा घसा बसला की कुणीतरी गुळाचा खडा पुढं करी.

पुस्तक एकच, 'लोखंडी मुकादम'. दर दोन महिन्यांनी पुण्याहून त्याचा एकेक भाग येई. गोष्ट पुढच्या काळातली. वाफेवर चालणारा, कधी न झोपणारा एक लोखंडाचा मुकादम गिरणीत येतो आणि बघता बघता साऱ्या शहरावर हुकूम चालवू लागतो. त्याच्याशी झुंजतो राघू नावाचा एक साचेवाला, मागावर कापड विणणारा. लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं, नुसतं 'एक यंत्रज्ञ' असं छापलेलं असे.

तिसऱ्या भागापासून खोलीत उभी फूट पडली. गिरिजाबाईचं म्हणणं, लोखंडी मुकादमच बरा. "बाईच्या अंगाला हात न्हाय लावत, शिवी न्हाय देत, चांगली विडी मुद्दाम खराबात न्हाय टाकत. आपल्या हाडामासाच्या मुकादमापरीस लई देवमाणूस की." बसव्वाचा नवरा शिवप्पा गिरणीत साच्यावर होता, आणि गिरणीत नवे साचे बसत होते, चार साच्यांना एक माणूस पुरेल असे. तिच्या देव्हाऱ्यात सिद्धरामेश्वराच्या खालोखाल राघू होता. दोन्हीकडच्या बायका एकमेकींना कात्री देईनाशा झाल्या, एकमेकींच्या बारशाला जाईनाशा झाल्या. तुम्ही हसाल. पण ज्यांचं कुणीच काही ऐकत नाही, त्यांना निदान गोष्टीतला माणूस तरी आपल्या बाजूचा लागतो.

पाचवा भाग आला तो चौतीस सालच्या उन्हाळ्यात. नेहमीप्रमाणं वच्छलेनं तो रविवारी घरी आधी वाचून काढला. राघू बॉयलरखान्यात शिरतो. जास्तीची वाफ सोडणाऱ्या झडपेच्या दांडीला जड वजन टांगतो. हेतू हा, की वाफ आत कोंडावी आणि मुकादमाचा श्वास अडकावा. पुढं छापलं होतं, "प्रथम वाफेचा झोत थांबला. लोकांनी टाळ्या पिटल्या. त्या टाळ्या त्यांच्या शेवटच्या ठरल्या." बॉयलर फुटतो. राघू मरतो, त्याच्याबरोबर दोनशे माणसं मरतात, आणि ढिगाऱ्यातून मुकादम तेवढा उठून उभा राहतो.

वच्छला पोटभर रडली. मग तिला सोमवार आठवला. गिरिजाबाई नाक वर करून हिंडेल, बसव्वा छाती पिटेल. आणि असली बातमी आणणारीच्या विड्या उद्या कोण वळून देईल? राघूवर तिचा जीव होता हे खरं, आणि आपल्या जागेची भीती होती हेही तितकंच खरं. सोमवारी तिनं टाळ्यांपर्यंत, एक वजन सोडलं तर, छापल्याप्रमाणं वाचलं. तिथून पुढं तिनं मनाचं सांगितलं, नजर मात्र पानावरून हलू दिली नाही. वजनाच्या जागी तिनं जात्याची वरची तळी घातली, कारण वजन कसलं ते तिला नीट उमगलंच नव्हतं आणि तळी बायकांना ओळखीची. मुकादम गुदमरला, तोंडावर पडला, कुणाला साधं खरचटलंही नाही. पान उलटायचं तिथं तिनं उलटलं.

बसव्वाचे डोळे भरून आले. गिरिजाबाईनं तीन दिवस सगळ्यांकडं पाठ करून विड्या वळल्या. गोष्ट मात्र संध्याकाळी बायकांबरोबर घरी गेली, तिथून तालमीत, चहाच्या दुकानात, गिरणीच्या फाटकाशी. वच्छलेला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

पंधरा दिवसांनी एके दिवशी दुपारच्या तोंडावर बसव्वा हसत हसत तिच्या कानाशी लागली. "वच्छलाक्का, आज डाळ भरडायची ऱ्हायली बघ. जात्याची वरची तळीच न्हाय घरात."

"कुटं गेली?"

"ह्यांनी नेली, पोत्यात घालून. दुपारच्या सुट्टीत बॉयलरवाले भाकरीला बसत्यात न्हवं, तवा."

तळी कुठं टांगली जाणार हे वच्छलेला कळून चुकलं. बॉयलरवरच्या कुणालाही शिवप्पानं विचारलं असतं, तर त्यानं कानफटात देऊन घरी पाठवलं असतं. पण शहरावर फौजी कायदा येऊन गेल्याला चारच वर्षं झाली होती. तेव्हापासून माणसं असल्या गोष्टी दाराआड ठरवत, कुणाला विचारत नसत. आणि फाटकावर झडती घेत ती बाहेर पडताना. आत काय नेलं ते कोण बघतो?

ती उठून उभी राहिली आणि सगळ्यांदेखत बोलली. "बायांनो, मी खोटं वाचलं. पुस्तकात राघू मरतोय. बॉयलर फुटतोय. ऐका." तिनं पान काढून वाचलं, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत, आणि एक शब्द गाळला नाही.

बसव्वानं विचारलं, "हे कुटलं वाचाय लागलीस?"

"हेच छापलंय. तवा मी मनाचं सांगितलं हुतं."

"तवा मनाचं, तर आता खरं कशावरनं?" बसव्वानं पुस्तक हातात घेतलं, पान वरखाली फिरवून पाहिलं. काळ्या ओळी तिला तशाच दिसल्या, जशा पंधरा दिवसांपूर्वी दिसल्या होत्या. "मालकानं शिकवलं व्हय तुला हे? आमच्या माणसांनी भिऊन गप बसावं म्हणून?"

वच्छला गिरिजाबाईकडं वळली. निदान हिला तरी हा शेवट पटेल, असं तिला वाटलं. "तुमी तरी सांगा. तुमचा मुकादम जिकलाय की ह्यात."

गिरिजाबाईनं मान हलवली. "माझा मुकादम दोनशे माणसं मारून उठंल? त्यो तसला न्हाय. काय बी वाचू नगंस."

तिसऱ्या भागानंतर त्या खोलीचं पहिल्यांदाच एकमत झालं, आणि तेही असं. वच्छलेला स्वतःची इतकी चीड आली की रडूही फुटेना. पुस्तक काखेत मारून ती गिरणीकडं पळत सुटली. तिला परत आणायला म्हणून बसव्वा मागोमाग निघाली.

फाटकावर धोंडीराम पहारेकरी होता. त्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि मिशीत हसला. "राघूची गोष्ट मला सांगतीस? पोरं रोज सांगत्यात. त्यो जिकतोय."

"न्हाय जिकत, दादा. बॉयलरवाल्याला तेवढं बोलवा. तळी काढा म्हणावं."

"सुट्टी आत्ताच झालीया, बॉयलरवाले भाकरीला गेल्यात. आता आत कुणाला सोडायचा हुकूम न्हाय."

ती त्याच्या हाताखालून आत घुसू पाहत होती. त्यानं काठी आडवी धरली. लिंबाच्या सावलीत नवऱ्यांच्या भाकऱ्या घेऊन दहा-पंधरा बायका बसल्या होत्या, त्यांना वच्छला सांगत सुटली की इथनं उठा, लांब जा. त्या तिच्याकडं पाहून एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. त्यातल्या निम्म्या जणींच्या घरी राघू कधीच जिंकून झाला होता.

बॉयलरखान्याच्या छपरावर पांढऱ्या वाफेचा झोत भसभसत होता, रोज दिवसभर असे तसाच. वच्छला त्याच्याकडं पाहत राहिली. झोत बारीक झाला. मग थांबला.

आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग सावलीतली एक बाई उठून उभी राहिली, दुसरी राहिली. कुणीतरी हलकेच म्हणालं, मुकादमाचा दम कोंडला. पहिली टाळी वाजली.

"बघ की, वच्छलाक्का," बसव्वा म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता, रागाचा मागमूस नव्हता. "तू वाचलंस तसंच झालं."

वच्छलेनं तिचा हात घट्ट धरला आणि रस्त्याकडं ओढलं. बसव्वानं हात सोडवून घेतला. टाळ्या वाजवायला तिला दोन्ही हात हवे होते.