सूपसकट

मित्रांनो, मला हातात घ्याल तर कडेने धरा. मी ग्रामोफोनची जुनी तबकडी आहे, बोटांचे डाग मला सोसत नाहीत. माझ्यात व्हर्ना लिंडक्विस्टचा आवाज आहे. न्यूयॉर्कच्या मोठमोठ्या संगीत नाटकांत ती नायिका असायची आणि नाटक सुटले की एका तळघरातल्या मैफलीत पियानोपाशी उभी राहून गायची. माझे ध्वनिमुद्रण तिथलेच.

त्या दिवशी दोन खेळांच्या गडबडीत तिच्या पोटात काही नव्हते. विरहाचे गाणे रंगात आले होते. ‘चांदण्यात वाट पाहते’ असे म्हणायचे, तर ती म्हणाली, ‘सूपमध्ये वाट पाहते.’ लोक इतके भारावलेले की कुणाच्या लक्षातही आले नाही. फक्त दाराशी बसलेला तिचा नवरा लिओ खो खो हसला. तो नाटकांचे पोशाख शिवायचा आणि तिचा प्रत्येक शब्द त्याला पाठ होता. व्हर्ना मात्र डगमगली नाही. शेवटचा वरचा सूर तिने असा लावला की मला त्याचा अजून अभिमान वाटतो.

“माझी अख्खी तबकडी नासवलीस!” घरी येताच ती कडाडली.

“मी? आणि सूपमध्ये कोण बसलं होतं?”

“हस, हस! आज जेवण तूच करायचंस.”

“करतो की. काय करू, सूप?”

तिच्या इतर तबकड्या दुकानांत झळकल्या. माझी मात्र ही एकच प्रत निघाली आणि ती टोप्यांच्या खोक्यांमागे पडून राहिली. माझा गुन्हा काय, हे मला कुणी सांगितले नाही.

पुष्कळ वर्षांनी लिओ वारला. त्याला पोचवून आलेल्या व्हर्नाने अंगातला कोटही न काढता मला शोधून काढले. मला वाटले, आले माझे दिवस! पण नवलच. ती सुई थेट मधोमध ठेवायची, ते हसू ऐकायची, सुई उचलायची, पुन्हा तिथेच ठेवायची. माझ्या वरच्या सुरापर्यंत ती कधी पोचलीच नाही. मग मी गाण्याची तबकडी की हसण्याची? मला काही उमगेना. तिथली रेघ झिजत गेली आणि हसू खरखरू लागले.

एकदा जुनी गाणी नव्याने काढणाऱ्या कंपनीतून नेओमी नावाची मुलगी आली. मला ऐकून ती हरखलीच.

“मॅडम, काय सूर आहे हा! आणि काळजी करू नका, मधेच हसणारा तो माणूस मी साफ पुसून टाकते.”

“खबरदार!” व्हर्ना ताडकन उठली. “वरचे सूर माझ्या सगळ्याच तबकड्यांत आहेत, पोरी. हा माणूस एवढ्या एकीतच उरलाय.”

नेओमीने विचारले, “मग सूपसकट काढू या?”

“सूपसकट!”

नव्या प्रती निघाल्या. व्हर्ना आता त्यातलीच एक ऐकते. मी मऊ पाकिटात असते. आता मी झिजत नाही, पण वाजतही नाही. याला सुख म्हणावे की दुःख?

गेल्या रविवारी मात्र तिने मला बाहेर काढले, सुई अगदी कडेला ठेवली आणि शेवटपर्यंत ऐकले.

“बरी गायचे की मी,” ती म्हणाली. हे मला उद्देशून होते की लिओला, ते मला कळले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर तिला उन्हात टाकू नका, आडवी रचू नका. आणि तिच्यातला एखादा आवाज नकोसा वाटलाच, तर पुसण्याआधी घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, हा कोणाचा.