शिव्या खाऊन सुरू होणारी मशीन

मी एक जुनी, पेट्रोलवर चालणारी गवत कापायची मशीन आहे. माझा लाल रंग आता फक्त खाचाखोचांत उरलाय. मित्रांनो, तरुणपणी माझा आवाज असा होता, की मी सुरू झाले की आसपासची कबुतरं बाडबिस्तरा बांधून दुसऱ्या गावी राहायला जात. खोटं वाटत असेल तर कबुतरांनाच विचारा.

कारखान्यातून मी थेट एका दवाखान्याच्या बागेत आले. तिथल्या माळ्याला सगळे आप्पा म्हणत. पहिल्याच महिन्यात माझ्या पात्यात ओलं गवत अडकलं आणि मी बंद पडले. आप्पांनी तसाच खाली हात घातला. गवत सुटलं, पातं जरासं फिरलं, आणि त्यांच्या करंगळीचं एक पेर गेलं. हे मात्र मी वाढवून सांगत नाही.

त्यानंतर आप्पा बदलले. मला खोलीतून उघड्यावर, सपाट जागी आणायचे. खडे वेचायचे. मी थंड असतानाच पेट्रोल भरायचे, सांडलेला थेंबही पुसायचे. मग चोक ओढून, म्हणजे हवा कमी करून, मला सुरू करायची दोरी हळूच ताणायची आणि ती अडली की एक जोराचा हिसका. तीन हिसक्यांत मी उठले नाही, तर चोक उघडून ते कमरेवर हात ठेवून उभे राहत आणि मला शिव्या घालत. ‘अगं आळशे, नटवे, लोळतेस काय?’ चांगली पाच मिनिटं. खिडक्यांत पेशंट जमत. मग एक हिसका, की मी सुरू! शिव्यांशिवाय मी हलत नाही, अशी माझी ख्याती झाली. मलाही तसंच वाटे.

वर्षं गेली. आप्पांचा खांदा गेला. त्यांच्या जागी त्यांची मुलगी आली. दवाखान्याच्या मुकादमांनी तिला आधीच बजावलं होतं, की आज गवत कापून दाखवलंस तर बापाची जागा तुझी, नाहीतर मशीन भंगारात आणि काम बाहेरच्या माणसांना.

पोर सगळं शिकून आली होती, पण स्वभावाने गरीब. चारचौघांत शिव्या घालायची तिला लाज वाटली, म्हणून तिने तेवढ्या गाळल्या, त्या नादात चोक उघडायचंही विसरली आणि हिसक्यांवर हिसके दिले. पेट्रोल माझ्या नाकातोंडात गेलं. मुकादम घड्याळ बघू लागले. गवत अडकलं असेल असं वाटून तिने मला कलती केली आणि खाली हात नेला. मी ओरडणार कशी? पण मध्येच तिचा हात थबकला. तिला बापाची करंगळी आठवली असावी. तिने घरी फोन लावला.

“आधी प्लगची टोपी काढ, म्हणजे पातं अचानक फिरणार नाही, मग बघ,” आप्पा म्हणाले.

काहीच अडकलं नव्हतं.

“चोक उघडलास?”

“नाही.”

“मग बुडवलीस बिचारीला. टोपी बसव, चोक उघड आणि पाच मिनिटं शिव्या घाल.”

“आप्पा, मुकादम समोर उभे आहेत.”

“मग मनातल्या मनात घाल. पण पाच मिनिटं भरू दे, तेवढ्यात जास्तीचं पेट्रोल उडून जातं. मी काय इतकी वर्षं उगाच घसा सुकवत होतो?”

म्हणजे शिव्या हे नुसतं घड्याळ होतं! मला जरा लागलंच ते.

पोरीने डोळे मिटले. ओठ हलू लागले. ती प्रार्थना करते आहे असं समजून मुकादमांनी डोक्यावरची टोपी काढली. पाच मिनिटं झाली. तिने दोरी हळूच ताणली, ती अडली, आणि एक हिसका दिला. मित्रांनो, त्या दिवशी कबुतरं पुन्हा गाव सोडून गेली.

आता ती मला रोज पुसते, आणि खाली हात घालण्याआधी प्लगची टोपी न चुकता काढते. तुमच्याही घरी माझी एखादी बहीण असेल. ती अडून बसली तर चिडून हिसके देऊ नका, जरा थांबा. आणि तुमची बोटं सांभाळा. ते एक पेर मला अजून विसरता येत नाही.

शिव्या मात्र घाला थोड्या. त्यांच्याशिवाय आम्हाला करमत नाही.