दोन वेढ्यांची गाठ

माझ्या दुकानातून गेलेला कपडा परत आला तर त्या दिवशी शटर कायमचं खाली, असं मी उभ्या गल्लीला ऐकवून ठेवलं होतं. एकदा नाही, येता-जाता. सव्वीस वर्षं शिवतेय, एकटीनं. माप मी घ्यायचं, कापायचं मी, शिवायचं मी, फोनही मीच उचलायचा. लोक म्हणायचे, बाई, कुणाला तरी हाताशी घ्या. मी म्हणायचे, माझ्या हाताशी माझे हात आहेत.

मग मोठ्या हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंनी साठ पांढरे कोट शिवायला टाकले. गेल्या वर्षी त्यांनी स्वतःचा एक कोट माझ्याकडून शिवून घेतला होता. त्याची कॉलर मानेला जराही टोचत नाही, म्हणून आख्ख्या हॉस्पिटलचं काम माझ्याकडे. हे नीट उतरलं तर दरवर्षी मिळणार होतं. अकरा कोट झाले आणि माझी कंबर धरली. तेव्हा कुठे नाक मुठीत धरून दोन बायका ठेवल्या. एक काज-बटणांना आणि एक काउंटरला.

काउंटरवाली आधी एका कुरिअर ऑफिसात आठ वर्षं लोकांच्या शिव्या ऐकून आलेली. आल्या आल्या विचारते, तक्रारींची वही कुठाय? मी म्हटलं, आपल्याकडे तक्रारी येत नाहीत. एकही नाही? म्हटलं, तीन वर्षांत एकही नाही. तरी तिनं एक कोरी वही आणून काउंटरवर ठेवलीच. आगाऊ बाई, माझ्या मनात आलं.

तिनंच सुचवलं की दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवू नका, मी बसते. इतकी वर्षं त्या वेळात मी घरी जाऊन पाठ टेकायचे, आणि ज्यांना घाई असेल ते शेजारच्या इस्त्रीवाल्याकडून कपडे न्यायचे. माझा प्रत्येक कपडा शिवून झाला की त्याच्याकडेच जातो, कडक इस्त्री होऊन परत येतो. घरी हे सांगितलं तर नवऱ्याचा घास हातातच राहिला. दुपारीसुद्धा उघडं? दोनदा विचारलं त्यानं. मी म्हटलं, तुम्हाला काय करायचंय, तुम्ही तुमच्या वाचनालयात जा. तीन वर्षांपूर्वी रिटायर झाल्यावर तो आठ दिवस माझ्या दुकानात बसला होता. त्याची ती धांदरट बोटं बघून मीच त्याला हाकलला होता. तेव्हापासून रोज दुपारी वाचनालय.

पहिल्याच दिवशी, ती कशी बसते ते बघायला मीही थांबले होते, तेव्हा दोनच्या सुमाराला एक नर्स आत आली आणि काउंटरवर पिशवी ठेवली. म्हणाली, "नेहमीसारखं इस्त्रीवाल्याकडेच देणार होते, पण तुमचं उघडं दिसलं. बाही बघा जरा."

आतून पांढरा कोट निघाला. डावी बाही उजवीपेक्षा दोन बोटं आखूड. मी म्हटलं, हा माझा नव्हेच. ती म्हणाली, परवाच नेलाय, तुमच्याच हँगरवरून. मी कॉलर उलटली. तिथे मी प्रत्येक कपड्याला लाल दोऱ्याची एक बारीक गाठ मारते, एका वेढ्याची. ती माझी सही. गाठ तिथे होती, एका वेढ्याची. नर्स काय बोलत होती ते ऐकूच येईना.

आणि "नेहमीसारखं" म्हणजे काय?

मी इस्त्री होऊन आलेले बाकीचे दहा कोट खाली काढले. एकेकाची कॉलर उलटत गेले. डोळ्यांनी धड दिसेना म्हणून बोटानं चाचपलं. दोन वेढे. दोन वेढे. पुन्हा दोन. दहांतल्या आठ गाठी माझ्या नव्हत्या. कुणीतरी माझे कोट उसवून पुन्हा शिवले होते आणि वर माझी सहीसुद्धा केली होती.

तशीच इस्त्रीवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "वहिनी, बसा आधी." मी बसले नाही. पडदा सारून मागच्या खोलीत शिरले. तिथे एका जुन्या मशीनवर, नाकावर चष्मा, गळ्यात टेप, आमचे हे. समोर माझा बारावा कोट, बाही उसवलेली. मला बघून त्याचा पाय पॅडलवरच थांबला.

मी मशीनवरचा कोट ओढून घेतला.

मग इस्त्रीवाल्यानंच सांगितलं. तीन वर्षांपूर्वी इस्त्री करताना त्याला एक सदरा वाकडा दिसला. मला सांगायची छाती झाली नाही, म्हणून नवऱ्याला दाखवला. त्यानं तो उसवून, शिकत शिकत नीट केला. मग दुसरा. मग दर आठवड्याला. दुपारी तक्रार घेऊन येणारेही तो इथेच वळवून घ्यायचा. परवा नवरा तापानं पडला होता, तेव्हा तीन कोट त्याच्या हाताखालून न जाताच गेले. त्यातलाच हा एक.

"मेट्रनबाईंचा कोट?" मी विचारलं.

नवऱ्यानं मान खाली घातली. म्हणाला, "कॉलर दोनदा उसवली होती."

म्हणजे ज्या कॉलरवर साठ कोट मिळाले, ती माझी नव्हती. कुणी कानफटात मारली असती तरी इतकं लागलं नसतं. मी म्हटलं, तीन वर्षं मला फसवलंत. माझ्या तोंडावर सांगायला काय झालं होतं?

"तू शटर ओढलं असतंस," तो म्हणाला. "आणि मग काय केलं असतंस गं दिवसभर?"

मी उजव्या डोळ्यावर हात ठेवला. समोर नवरा नव्हता. नुसता एक राखाडी डाग होता. आणि मी, उजेड कमी पडतो म्हणून, तीन वर्षं दुकानातले बल्ब बदलत बसले होते.

दुकानात परत आले. शटरचा गज हातात घेतला. बोलले होते ते बोलले होते. नवरा मागून आला, पण त्यानं अडवलं नाही. काजवाली सुई धरून तशीच बसली. मी शटर अर्ध्यावर आणलं. नर्स काउंटरपाशी उभीच होती, तो कोट पोटाशी धरून. तिला उद्या सकाळची ड्यूटी होती.

काउंटरवालीनं कोरी वही उघडली, तारीख घातली. एक कोट, डावी बाही, दोन बोटं आखूड. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "चूक कुणाच्या हातची लिहू?"

गज माझ्या हाताला रुतत होता.

"माझ्या," मी म्हटलं. "लिही. आणि आजपासून शिवलेलं सगळं आधी यांना दाखवायचं."

शटर वर ढकललं. माझ्या मशीनसमोरचं स्टूल पायानं नवऱ्याकडे सरकवलं. तो बसला, तिथल्या तिथे बाही उसवली, जोडली, आणि शेवटी कॉलरमध्ये लाल दोरा ओवून गाठ मारायला घेतली. मी वाकून बघत उभी.

म्हटलं, "एक वेढा पुरे होतो."

"सुटते," तो म्हणाला, आणि त्यानं दुसरा वेढा घेतला.